काइझरगेबिर्ग: चुनखडकाच्या छोट्या पर्वतरांगेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात, जर्मनीच्या सीमेला लागून काइझरगेबिर्ग नावाची एक आटोपशीर रांग आहे. म्युनिक आणि आसपास राहणारे मराठी ट्रेकर, तसंच सुट्टीत युरोपात येणारे सह्याद्रीतले भटके तिच्याबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं मुद्दाम लांब लिहिली आहेत, कारण तिथे घाई केली तर जिवावर बेतू शकतं.

ही रांग नेमकी कुठे आहे आणि किती मोठी आहे?

तिरोलच्या ईशान्य कोपऱ्यात. पश्चिमेला इन नदीच्या काठचं कुफश्टाइन, पूर्वेला सांक्ट योहान, उत्तरेला वालखझे तलाव आणि दक्षिणेला शेफाउ, एलमाउ, गोइंग ही गावं. एवढ्या चौकटीत अख्खी रांग मावते. पूर्व-पश्चिम लांबी जेमतेम 20 किलोमीटर. सर्वांत उंच शिखर एलमाउअर हाल्ट, 2344 मीटर. हिमनदी एकही नाही. रांगेचा बहुतेक गाभा 1963 पासून संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे 100 चौरस किलोमीटर आहे आणि आतल्या दऱ्यांत हॉटेलं, मोठे रस्ते, केबल कार असं काही उभं राहिलेलं नाही. आल्प्समध्ये इतक्या गर्दीच्या भागात हे टिकून राहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

2344 मीटर म्हणजे कळसूबाईपेक्षा सातशे मीटरच जास्त. मग हे सोपंच असेल ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे.

शिखराच्या उंचीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कुफश्टाइन साधारण 500 मीटरवर आहे आणि एलमाउ 800 मीटरच्या आसपास. तिथून काही किलोमीटरच्या आत जमीन दीड ते पावणेदोन हजार मीटर वर उठते, आणि त्यातला शेवटचा पाच-सहाशे मीटरचा भाग उघडा उभा कातळ असतो. वाटेत पठार नाही, माची नाही, विसाव्याला टाकं नाही. ज्या शिखरांना वाटा आहेत, त्याही घसाऱ्यातून, दृष्टिभय असलेल्या कडेवरून आणि लोखंडी दोर लावलेल्या कातळटप्प्यांवरून जातात. टोटनकिर्ख्लसारख्या शिखरावर तर चालत जाण्याची वाटच नाही. सर्वांत सोपा मार्गही हाताने चढायचा आहे.

जून संपेपर्यंत उत्तरेकडच्या घळींमध्ये घट्ट बर्फ असतो. ऑगस्टातही वीज कडाडली की तापमान तासाभरात पंधरा अंशांनी खाली येऊ शकतं. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्याची दमछाक इथे होणार नाही, पण दमाचा प्रश्न इथे दुय्यम आहे. पाय कुठे टाकायचा, आभाळ कधी फिरणार आणि परत कधी वळायचं, हे कळणं महत्त्वाचं.

विल्डर काइझर आणि त्सामर काइझर म्हणजे दोन वेगळे डोंगर आहेत का?

एकाच रांगेच्या दोन समांतर धारा आहेत. दक्षिणेची विल्डर काइझर उंच, उघडी, सुळक्यांची. प्रसिद्ध भिंती सगळ्या तिच्यात. उत्तरेची त्सामर काइझर दोन हजार मीटरच्या जेमतेम आसपास पोहोचते आणि तिच्या माथ्यावर खुरट्या पाइनचं, म्हणजे लाचनचं, दाट रान आहे. दोघींच्या मध्ये पश्चिमेकडे उघडणारी काइझरटाल आणि पूर्वेकडे उघडणारी काइझरबाखटाल अशी दोन खोरी आहेत. त्यांना जोडणारी खिंड म्हणजे 1577 मीटरवरचं श्ट्रिप्सनयोख. नकाशावर ही खिंड एकदा सापडली की बाकी सगळी रांग आपोआप डोक्यात बसते.

त्सामर म्हणजे शांत, पाळीव. या नावावर विसंबून लोक तिच्यातल्या पिरामिडनश्पिट्स शिखरावर साध्या बुटांत निघतात. उत्तरेकडून तिथे जाणाऱ्या विंकलकारच्या वाटेवर दोर लावलेले टप्पे आहेत, तेव्हा तीही वाट पूर्ण तयारीनेच करा.

चुनखडक आपल्या काळ्या पाषाणापेक्षा वेगळा कसा?

सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. काइझरचा बहुतेक कातळ वेटरश्टाइन चुनखडक नावाने ओळखला जातो आणि तो साधारण 24 कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ समुद्रात साचला. शैवाल, प्रवाळ आणि इतर जीवांच्या चुन्याच्या अवशेषांचे थर एकावर एक बसत शेकडो मीटर जाड झाले. पुढे आल्प्स उभा राहताना हे थर पन्हळीसारखे वाकले. पन्हळीच्या दोन उभ्या कडा म्हणजे आजच्या दोन धारा. मधल्या खोलगट भागात वर बसलेला नंतरचा, लवकर ठिसूळ होणारा डोलोमाइट झिजत गेला आणि तिथे खोरी तयार झाली.

चालणाऱ्याला याचा पहिला फटका पाण्याचा बसतो. पावसाचं पाणी थोडं आम्लधर्मी असतं, ते चुनखडक विरघळवत फटींतून खाली उतरतं आणि थेट पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं. त्यामुळे वरच्या भागात ओढे नाहीत. आदल्या रात्री धो धो पाऊस पडला असला तरी दुपारी वाटेवर घोटभर पाणी मिळत नाही. प्रत्येक झोपडीवर, म्हणजे डोंगरातल्या निवाऱ्यावर, बाटल्या भरून घ्या आणि उन्हाळ्यात माणशी किमान दोन लिटर बरोबर ठेवा.

चढणाऱ्याला वेगळी गोष्ट जाणवते. बेसाल्टवर आपल्याला आडवे थर, गवताळ पायऱ्या आणि हातात निखळून येणारे दगड यांची सवय असते. इथे पाण्याने कोरलेल्या उभ्या पन्हळी, बोट जेमतेम आत जाईल अशी भोकं, सरळसोट भेगा आणि अंगभर मावेल अशा धुराड्यासारख्या उभ्या फटी, म्हणजे चिमण्या, असतात. चांगल्या जागी कातळ इतका खरखरीत असतो की बोटांची सालं निघतात. पण शंभर वर्षं लोक ज्या मार्गांवर चढत आले आहेत, तिथे तोच कातळ पॉलिश केल्यासारखा गुळगुळीत झाला आहे आणि पावसाचा शिडकावा झाला तर त्यावर बूट टिकत नाही. जुन्या, सोप्या श्रेणीच्या मार्गांवर हे जास्त जाणवतं, कारण गर्दी तिथेच झाली.

कधी जावं?

उंच वाटांसाठी जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. झोपड्या साधारण मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात उघडतात आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर बंद होतात, पण झोपडी उघडी आहे म्हणजे वरची खिंड मोकळी आहे असं समजू नका. मे-जूनमध्ये खोरी, कुरणं, तलाव बघावेत. मला स्वतःला सप्टेंबर सर्वांत आवडतो. वादळं कमी, हवा कोरडी, बीच झाडांची पानं पिवळी पडायला लागलेली आणि झोपडीत जागा मिळण्याची शक्यता जास्त. दिवस मात्र लहान झालेला असतो, हे गणितात धरायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दोननंतर गडगडाट हा नेहमीचा. पहाटे निघा आणि दुपारी एकच्या आत धारेवरून खाली या. लोखंडी दोराला अडकलेले असताना वीज कोसळणं याहून वाईट जागा डोंगरात नाही.

पहिल्यांदाच जातोय. एका दिवसात होईल अशी वाट सांगा.

काइझरटाल. कुफश्टाइन आणि एब्स यांच्या मध्ये, श्पार्खन भागातून सुमारे तीनशे पायऱ्या चढून या खोऱ्यात प्रवेश होतो. 2008 साली बोगदा होईपर्यंत इथली मोजकी कुटुंबं, त्यांची गुरं, किराणा, सगळं याच बाजूने वर जायचं. गावातून मोटारीने पोहोचताच येत नव्हतं. बोगदा झाला तरी तो रहिवासी आणि कामाच्या गाड्यांसाठी आहे. पाहुण्यांनी आजही पायऱ्याच चढायच्या, आणि म्हणूनच खोऱ्यातली शांतता शाबूत आहे. 2016 मध्ये ऑस्ट्रियाच्या दूरदर्शनवरच्या लोकमतात या खोऱ्याला देशातली सर्वांत सुंदर जागा म्हणून कौल मिळाला होता.

पायऱ्यांनंतर वाट रुंद आणि सौम्य आहे. उजवीकडे खाली घळीत टिशोफर गुहा आहे. तिथे शेकडो गुहा-अस्वलांची हाडं आणि हिमयुगातल्या माणसांनी हाडापासून घडवलेली भाल्याची टोकं सापडली. 1906 मध्ये तिचं पद्धतशीर उत्खनन झालं. सापडलेल्या वस्तूंपैकी काही कुफश्टाइनच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात बघता येतात. पुढे कुरणावर सेंट अँथनीचं छोटं पांढरं चॅपल लागतं आणि त्याच्या मागे विल्डर काइझरची भिंत एकदम समोर येते. हौशी छायाचित्रकार इथे हमखास थांबतात, आणि योग्यच करतात. आणखी तासभर चाललात की हिंटरबेरेनबाडचं आंटोन कार्ग हाउस, 830 मीटरच्या आसपास. तिथे जेवून परतलात तर पाच तासांचा उत्तम दिवस होतो. दम असेल तर पुढे श्ट्रिप्सनयोखपर्यंत चढा, पण मग मुक्काम वरच करा.

आई-बाबा भारतातून आले आहेत, गुडघे दुखतात. त्यांना काय दाखवता येईल?

हिंटरश्टाइनर झे. शेफाउच्या वर 883 मीटरवरचा हा तलाव काचेसारखा स्वच्छ आहे, जवळपर्यंत गाडी किंवा उन्हाळी बस जाते आणि काठाने बरंच अंतर जवळजवळ सपाट चालता येतं. दुसरा पर्याय म्हणजे एलमाउहून केबल कारने हार्टकाइझरवर जाणं. हार्टकाइझर खोऱ्याच्या पलीकडचा गवताळ डोंगर आहे आणि तिथून अख्खी विल्डर काइझर एका नजरेत मावते. बाकावर बसून चहा घेत तासभर ती भिंत न्याहाळणं हाही एक पूर्ण कार्यक्रम आहे.

कुफश्टाइनमधून ब्रेंटनयोखला जाणारी काइझरलिफ्ट 2015 मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्या खुर्च्या एकेका माणसाच्या आहेत आणि चालत्या लिफ्टमध्ये बसावं-उतरावं लागतं. उंचीची धास्ती असलेल्या ज्येष्ठांना आधी विचारून घ्या.

श्टाइनर्ने रिन्नेबद्दल फार ऐकलंय. ती वाट आहे की चढाई?

दोन्हींच्या मधली. सह्याद्रीच्या भाषेत ती एक प्रचंड नाळ आहे: एका बाजूला फ्लाइशबांक शिखर, दुसऱ्या बाजूला प्रेडिग्टश्टूल शिखर, मध्ये धोंड्यांनी भरलेली घळ, आणि वरच्या टोकाला साधारण 2000 मीटरवर एलमाउअर टोर ही रुंद खिंड. श्ट्रिप्सनयोखच्या बाजूने एगरश्टाइग नावाची वाट या नाळेत शिरते. तिच्यावर कोरलेल्या पायऱ्या, लोखंडी मेखा आणि पोलादी दोर आहेत. कठीण नाही, पण खाली दरी सतत दिसत राहते.

खाली ग्रीझनर आल्म या डोंगरी कुरणापर्यंत टोल भरून गाडी जाते. तिथून दीड तासात श्ट्रिप्सनयोख, पुढे साधारण दोन तासांत एलमाउअर टोर. खिंडीतून डावीकडे हिंटेरे गोइंगर हाल्ट, 2192 मीटर, हे शिखर थोडी हातापायांची मदत घेत करता येतं. या भागात चालणाऱ्यांना मिळणारं सर्वांत चांगलं बक्षीस तेच. दक्षिणेला घसाऱ्यातून उतरून गाउडेआमुस झोपडीवर पोहोचता येतं. असं उत्तर-दक्षिण पार करणं हा या रांगेतला माझ्या मते सर्वोत्तम दिवस आहे.

तीन गोष्टी पाळा. हेल्मेट घाला, कारण दोन्ही भिंतींवर गिर्यारोहक असतात आणि वरून दगड येतात. जुलैच्या सुरुवातीला नाळेत कडक बर्फ असू शकतो. बर्फाची कुऱ्हाड आणि बुटांना लावायच्या काटेरी पट्ट्या नसतील तर परत फिरा. आणि निघण्याआधी वाट उघडी असल्याची खात्री श्ट्रिप्सनयोख हाउसकडून करून घ्या. दरडी कोसळल्या की वाट बंद ठेवतात.

एलमाउअर हाल्टवर दोराशिवाय जाता येतं का?

दोराशिवाय जाता येतं, पण साधनांशिवाय जाऊ नये. दक्षिणेकडून वोखनब्रुनर आल्म, मग 1620 मीटरवरची ग्रुटन झोपडी आणि तिथून गाम्सेंगरश्टाइग हा पोलादी दोर लावलेला मार्ग. अशा मार्गांना ए ते ई अशा श्रेणी असतात. हा बी, काही जागी सी. हार्नेस, धक्का शोषणारा दुहेरी पट्टा आणि हेल्मेट हवंच. पट्टा म्हणजे घरचा स्लिंग आणि दोन कॅराबिनर नव्हे. पोलादी दोरावर माणूस काही मीटर खाली घसरून मेखेवर आदळतो तेव्हा साधा स्लिंग तुटू शकतो. कुफश्टाइन किंवा एलमाउच्या दुकानांत ही साधनं भाड्याने मिळतात.

ग्रुटन झोपडीत मुक्काम करून पहाटे निघणं उत्तम. वर जायला अडीच-तीन तास, उतरायला जवळपास तेवढेच. बहुतेक अपघात उतरताना होतात, थकल्यावर, दोर संपल्यानंतरच्या सैल दगडांवर.

गिर्यारोहणाच्या इतिहासात या छोट्या रांगेचं एवढं नाव का?

म्युनिकमुळे. रेल्वे आली आणि म्युनिकचे विद्यार्थी, कारागीर शनिवारी संध्याकाळी गाडीत बसून रविवारी या भिंतींखाली उभे राहू लागले. मोठ्या मोहिमांना पैसा आणि महिने लागतात; इथे एक तिकीट आणि एक दोर पुरायचा. दर आठवड्याला त्याच भिंतींवर परत परत येता आलं, म्हणून इथे प्रयोग झाले. रांगेचं छोटेपण हेच तिच्या मोठेपणाचं कारण आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

1881 मध्ये गोटफ्रीड मेर्त्सबाखर आणि वाटाड्या मिखाएल झॉयर टोटनकिर्ख्लवर पोहोचले. 1912 मध्ये हान्स ड्युल्फर आणि वेर्नर शार्श्मिट यांनी फ्लाइशबांकची पूर्व भिंत चढून काढली. ड्युल्फर तेव्हा 20 वर्षांचा होता, शिकायला म्युनिकला आलेला, उत्तम पियानो वाजवणारा. गुळगुळीत पट्ट्यावर दोराला लटकून आडवं सरकायचं आणि पलीकडची भेग गाठायची, ही युक्ती त्या चढाईचा प्राण होती. दोर मांडीखालून आणि खांद्यावरून घेऊन उतरायची जी पद्धत आपल्याकडच्या जुन्या शिबिरांतही शिकवली जायची, तिला त्याचंच नाव आहे. भेगेची कड हातांनी ओढत पाय समोरच्या भिंतीवर रेटून चढण्याच्या तंत्रालाही जर्मनभाषक त्याच्याच नावाने ओळखतात. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये आरासजवळ तो मारला गेला. वय 23.

त्याच पिढीत त्सिलरटालच्या हान्स फीख्ट्लने एका तुकड्यात घडवलेली, डोळा असलेली मेख वापरात आणली आणि म्युनिकच्या ओटो हेर्त्सोगने अग्निशमन दलाकडचा कॅराबिनर कातळावर आणला, असं सांगितलं जातं. आपल्या हार्नेसला आज जे लटकतं, त्यातल्या कितीतरी गोष्टींचा उगम या वीस किलोमीटरच्या आसपासचा आहे.

1925 मध्ये फ्रिट्स वीसनर आणि रोलांड रोसी यांनी फ्लाइशबांकची आग्नेय भिंत केली. 1943 मध्ये हेर्मान बुलने साथीदारांसह माउकश्पिट्सची पश्चिम भिंत चढली. दहा वर्षांनी नांगा पर्बतवर एकट्याने पोहोचलेला बुल तो हाच. मग 1977. राइनहार्ड कार्ल आणि हेल्मुट कीनं यांनी फ्लाइशबांकच्या खांबासारख्या कड्यावरच्या भेगांमधून पुंपरिसं हा मार्ग काढला आणि त्याला सातवी श्रेणी दिली. तोवर यूआयएएच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या, श्रेणी सहावर संपत. माणूस याहून कठीण चढूच शकत नाही, अशी ती भिंत होती, आणि पुंपरिसंनंतर लवकरच ती अधिकृतपणे हटली. 1994 मध्ये श्टेफान ग्लोवात्सने त्याच खांबावर काढलेला 'देस काइझर्स नॉये क्लाइडर' हा मार्ग तर अनेक दोरलांबींच्या कठीण मार्गांत आजही आदराने घेतला जातो.

रांगेच्या दक्षिण बाजूला, गोइंगच्या वर श्लायर धबधब्यामागे एक अवाढव्य ओव्हरहँग आहे. अलेक्झांडर हुबरने 1996 मध्ये तिथे ओपन एअर हा मार्ग मुक्तपणे, म्हणजे चढण्यासाठी साधनांचा आधार न घेता, चढला. 2008 मध्ये आडाम ओंद्राने तो पुन्हा केला आणि त्याला फ्रेंच मोजपट्टीवरची 9ए+ ही श्रेणी सुचवली. म्हणजे 1996 मध्येच ती पातळी गाठली गेली होती.

आम्ही सह्याद्रीत सुळके चढतो. इथे कोणत्या मार्गापासून सुरुवात करावी?

सुळक्यांवरचा अनुभव दृष्टिभय आणि सैल दगड या दोन बाबतीत फार उपयोगी पडतो. उणीव असते ती वेगाची. आपल्याकडे मोठा चमू, फिक्स दोर आणि दिवसभराची मोहीम अशी रीत आहे. इथे दोघांची जोडी आठ-दहा दोरलांबी पाच-सहा तासांत संपवते आणि तेवढ्याच वेळात उतरते. म्हणून पहिल्या दिवशी श्रेणीपेक्षा गती तपासा.

सुरुवातीला फ्लाइशबांकची उत्तर धार घ्या, साधारण तिसऱ्या श्रेणीची. मग प्रेडिग्टश्टूलची उत्तर कड, पाचव्या श्रेणीच्या उंबरठ्यावरची, सुंदर आणि हवेशीर. क्रिस्टाटुर्मची आग्नेय कड छोटी आहे आणि दुपारच्या वादळाच्या भीतीने कमी वेळ असेल तेव्हा बरी पडते. टोटनकिर्ख्ल श्रेणी पाहून सोपं वाटतं, पण त्याच्या तीन टप्प्यांमध्ये वाट चुकणं फार सहज होतं आणि धुकं आलं तर उतार सापडत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी ठेवा, किंवा परवानाधारक वाटाड्या घ्या.

जुन्या मार्गांवर बिलेच्या, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळायच्या, जागी पक्के बोल्ट बहुधा मिळतात, मधल्या अंतरात मात्र गंजलेली मेख आणि तुमची स्वतःची साधनं. नट आणि फ्रेंड ही भेगांत अडकवायची साधनं लावता येत नसतील तर आधी पायथ्याच्या बोल्ट लावलेल्या भिंतींवर दिवस घालवा.

झोपडीत मुक्काम कसा असतो?

जेवण, पांघरूण, छप्पर मिळतं. एका मोठ्या लाकडी माडीवर शेजारी शेजारी गाद्या. पांघरुणाच्या आत झोपायची शिवलेली पातळ पिशवी स्वतःची आणायची, तिच्याशिवाय झोपू देत नाहीत. बूट खालीच काढायचे. रात्री दहाला दिवे बंद. ऑस्ट्रियन किंवा जर्मन अल्पाइन क्लबचं सभासदत्व असेल तर मुक्कामात सवलत मिळते. शनिवारच्या रात्रीसाठी आठवडे आधी आरक्षण लागतं, आणि येणार नसाल तर कळवणं हा साधा शिष्टाचार आहे. तुमच्या रिकाम्या गादीपायी कुणाला तरी अंधारात खाली उतरावं लागू शकतं. रोख पैसे बरोबर ठेवा.

शाकाहारी माणसाचं भागतं का?

भागतं. केझश्पेट्सलं म्हणजे चीझ आणि तळलेला कांदा घातलेली शेवयांसारखी गोळी, बटाट्याचे पदार्थ, काइझरश्मार्न हा गोड जाडसर घावन. त्यात अंडं असतं. फसगत होते ती सूपमध्ये: कास्प्रेसक्नोडल हा चीझचा वडा शाकाहारी असला तरी तो ज्या सूपमध्ये तरंगतो ते बहुतेक वेळा गोमांसाचं असतं. विचारूनच मागवा. बाकी शेंगदाण्याची चिक्की आणि मेथीचे ठेपले पिशवीत असले की कुठलीच चिंता नाही.

तंबू टाकता येतो?

नाही. तिरोलमध्ये ठरलेल्या तळांबाहेर तंबू टाकायला मनाई आहे, त्यात हे संरक्षित क्षेत्र. ड्रोनही नको, आणि फुलं तोडू नका. शेकोटी तर मुळीच नाही; उन्हाळ्यात इथलं लाचन वाळलेलं असतं आणि कातळावरच्या मातीचा पातळ थर एकदा जळला की पिढ्यान्‌पिढ्या परत येत नाही.

अपघात झाला तर कुणाला बोलवायचं?

ऑस्ट्रियात पर्वत-बचावाचा क्रमांक 140, सगळ्या युरोपात चालणारा 112. खोऱ्यांत मोबाइलचा सिग्नल मिळेनासा होतो, म्हणून जुनी खूणही पाठ असू द्या: मिनिटातून सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं.

बचावकर्मी बहुतेक स्वयंसेवक आहेत, पण हेलिकॉप्टरचं बिल काही हजार युरो होऊ शकतं आणि साधा आरोग्य विमा ते भरेलच असं नाही. अल्पाइन क्लबच्या सभासदत्वात बचाव-विमा येतो. भारतातून येणाऱ्यांनी प्रवास-विम्यात गिर्यारोहण वगळलेलं तर नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावं.

जनावरांची भीती आहे का?

अस्वल-बिबट्याची काळजी नको. शामवा हे डोंगरी हरीण दिसेल, नशीब असेल तर सोनेरी गरुड. काळजी गायींची घ्यायची. कुरणावर वासरासह असलेली गाय अंगावर येते, विशेषतः कुत्रा बरोबर असेल तर. लांबून वळसा घाला आणि वासरासोबत सेल्फी काढू नका. दुसरी गोष्ट गोचीड. खालच्या जंगलांत ती मेंदूज्वराचे विषाणू पसरवते. तिथे राहणाऱ्यांनी लस घेतलेली बरी. संध्याकाळी गुडघ्यामागे आणि काखेत तपासा.

हिवाळ्यात स्कीइंगला 'विल्डर काइझर'ला जातात, ते इथेच का?

नावात काइझर असलं तरी ती स्कीची मैदानं खोऱ्याच्या दक्षिणेला, समोरच्या गवताळ डोंगरांवर आहेत. चुनखडकाची रांग तिथून फक्त दिसते. हिवाळ्यात रांगेत शिरायचं तर हिमलोटांचं ज्ञान लागतं. ते नसेल तर खोऱ्यातल्या साफ केलेल्या वाटांवर फिरा.

पोहोचायचं कसं?

म्युनिकहून कुफश्टाइन आगगाडीने तासाभराच्या थोडं पुढे. बायर्न तिकीट (बायर्न राज्याचं दिवसाचं तिकीट) आणि डॉइचलांड तिकीट (जर्मनीभरचा मासिक पास) दोन्ही प्रादेशिक गाडीत कुफश्टाइनपर्यंत चालतात, वेगवान गाडीत नाही. काइझरटालच्या पायऱ्यांपर्यंत स्थानकावरून शहर बस आहे, चालत गेलात तर पाऊण तास. दक्षिणेच्या गावांसाठी कुफश्टाइन, व्योर्गल किंवा सांक्ट योहानहून बस पकडा. परतीची शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते, तिची वेळ सकाळीच टिपून ठेवा. जर्मनीत राहत असाल तरी पासपोर्ट आणि निवास परवाना खिशात हवा. परतताना सीमेवर गाडीत तपासणी होते.